ज्ञातीचा आधार आणि मुलांची वाट

कमाई, शिक्षण व स्थलांतर यांवरील अर्थशास्त्रीय संशोधन धर्मगुरूंच्या आणि धर्मशिक्षकांच्या वाचनात सहसा येत नाही. तथापि मुलाला कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालावे, थोरल्याला शहरात धाडावे की गावीच ठेवावे, हे प्रश्न कुटुंबे त्यांच्यापुढेच मांडतात. म्हणून कैवान मुन्शी व मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांच्या दोन निबंधांचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिला निबंध २००६ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुंबईतील दादर येथील मराठी कुटुंबांनी सुमारे वीस वर्षांत आपल्या मुलांसाठी केलेली शाळांची निवड हा त्याचा विषय. १९८० नंतरच्या दोन दशकांत इंग्रजी माध्यमामुळे होणारा मिळकतीचा लाभ पुरुषांच्या बाबतीत सुमारे १५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेला. स्त्रियांच्या बाबतीत तो जवळजवळ शून्यावरून २७ टक्क्यांपर्यंत वाढला. तरीही श्रमिक जातींतील मुलगे मोठ्या प्रमाणावर मराठी शाळांकडेच वळत राहिले. कारण ओळखीने कामाला लावून देणारे जातभाई परंपरागत कामधंद्यांच्या वाटेवरच उभे होते. मुलींना त्या साखळीत पूर्वापार फारसे स्थान नव्हते. म्हणून त्याच घरांतील मुली इंग्रजी शाळांकडे झपाट्याने गेल्या.

२०१६ साली त्याच नियतकालिकात आलेला दुसरा निबंध खेड्याकडे वळतो. शहरातील मजुरी पुष्कळ अधिक असूनही ग्रामीण पुरुष गाव का सोडीत नाहीत, असा त्याचा प्रश्न. दुष्काळात, आजारपणात जात आपल्या माणसांना सावरते. गाव सोडणाऱ्याच्या घराचा हा आधार क्षीण होतो, असे लेखकांचे उत्तर आहे. या परस्पर साहाय्यात सधनांपेक्षा निर्धनांना अधिक मिळते. त्यामुळे एकाच जातीतील तुलनेने सुस्थित घरांतूनच माणसे अधिक बाहेर पडतात.

या विवेचनाचे मोल मोठे आहे. एकच बंध छत्रही होतो आणि बेडीही होतो, हे उपदेशातून सांगणे सोपे. आकड्यांनिशी दाखविणे कठीण. गोव्याच्या वाचकांना येथे मुंबईतील कुडींचे स्मरण होईल. गावोगावच्या ख्रिस्ती लोकांनी चालविलेल्या या निवासांनी खलाशांना व नोकरी शोधणाऱ्यांना आसरा दिला; तेथे वेदी होती, सामुदायिक प्रार्थना होती. पण ते घर मुख्यतः पुरुषांचे होते.

तरी दोन उणिवा नोंदविल्या पाहिजेत. पहिली मापाची. मिळकतीच्या हिशेबात मराठी शाळा ही केवळ कमी वेतनाकडे नेणारी वाट ठरते. ज्या भाषेत मूल प्रार्थना शिकते, आजीशी बोलते, तिचे मोल या पट्टीने मोजता येत नाही. अर्थशास्त्राने ते मोजावे असा आमचा आग्रह नाही. परंतु पाळकाने त्या हिशेबालाच अंतिम निर्णय मानू नये. बेळगाव, इंदूर, बडोदे येथील आपल्या मराठी भाषकांना हे अधिक सांगावयास नको.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. मुलगी इंग्रजी शाळेत गेली, कमावू लागली, एवढ्याने तिचा वाटा तिच्या हाती आला असे होत नाही. कुटुंब ही एकच थैली नसते. घरात सहकार्याबरोबर संघर्षही असतो, हे अमर्त्य सेन यांनी १९९० मध्येच विशद केले होते. घरांमधील विषमता मोजणारी पट्टी घराच्या आतील विषमता पाहू शकत नाही. शिवाय जे मुलींचे स्वातंत्र्य म्हणून दिसते, ते तिला पूर्वी काहीच न मिळाल्याचे फळ आहे, हे विसरून त्याचा गौरव करणे अनुचित होईल.

आपले धर्मग्रामही असेच एक जाळे आहे. शिफारसपत्र, ओळख, अडचणीतील मदत, हे सारे तेथून मिळते. ते कोणाला मिळते आणि त्याच्या मोबदल्यात कोणाची वाट अडते, हे विचारण्याचे धैर्य या निबंधांनी आपणांस द्यावे. ‘प्रेषितांची कृत्ये’ याच्या सहाव्या अध्यायात, रोजच्या वाटपात ग्रीकभाषी विधवांची उपेक्षा होत असल्याची कुरकुर आहे. प्रेषितांनी ती दडपली नाही. वाटपाची व्यवस्था बदलली आणि त्यासाठी सात जण नेमले. भाषा, स्त्रिया आणि भाकरी यांचा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे तेव्हाच उभा राहिला होता. आपल्या धर्मग्रामातील वाटपाची यादी एकवार त्या दृष्टीने वाचून पाहावी, एवढेच आमचे सांगणे आहे.