फळ्यावरचे गणित आणि अमेरिकेचा पेटंट कायदा

फळ्यावर ५३ ही संख्या लिहा आणि मुलांना ती द्विमान पद्धतीत मांडायला सांगा. दोनने भागत जाऊन, बाक्या उलट क्रमाने लिहून आठवी-नववीची मुले ११०१०१ हे उत्तर काढतील. आता दुसरी रीत पाहा. ५ आणि ३ हे अंक सुटे सुटे द्विमानात लिहा : ०१०१ आणि ००११. पहिल्याला दहाने, म्हणजे द्विमानातल्या १०१० ने, गुणा आणि त्यात दुसरा मिळवा. उत्तर तेच येते, ११०१०१. संगणकात अंक कधी असे सुटे साठवलेले असतात, तर आकडेमोड सलग द्विमान संख्येवर करायची असते. म्हणून हे रूपांतर वारंवार करावे लागते.

५३ चे हेच उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ सालच्या एका निकालपत्रात आहे. बेल प्रयोगशाळेतील गॅरी बेन्सन आणि आर्थर टॅबट यांनी अशा रूपांतराची एक सोयीची रीत बसवली होती व तिच्यावर पेटंट मागितले होते. न्यायालयाने ते नाकारले. हे गणित जुन्याच संगणकांवर होऊ शकते, संगणकाशिवायही होऊ शकते. त्यावर पेटंट दिले तर प्रत्यक्षात त्या गणिती रीतीवरच मालकी दिल्यासारखे होईल, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

आमच्या मते ही कसोटी बरोबर होती. पण अमेरिकेतील न्यायालयांनी ती पुढे सैल केली, मग सोडली, आणि पुन्हा हाती घेतली तरी रेषा नेमकी कोठे आहे ते सांगितले नाही. या टोलवाटोलवीची किंमत कोणाला मोजावी लागली, ते येथे पाहू.

पेटंटचा सौदा

पेटंट हा समाज आणि संशोधक यांच्यातला सौदा आहे. संशोधकाने आपली युक्ती सर्वांना कळेल अशी लिहून द्यायची आणि त्या बदल्यात समाजाने ती वापरण्याचा एकाधिकार त्याला ठरावीक काळापुरता द्यायचा. अमेरिकेच्या राज्यघटनेतच या सौद्याचा हेतू दिला आहे : विज्ञानाची आणि उपयुक्त कलांची प्रगती व्हावी. ही मुदत पूर्वी पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षे होती. १९९५ पासून ती अर्ज केल्यापासून २० वर्षे आहे. प्रक्रिया, यंत्र, वस्तू किंवा पदार्थ यांवर पेटंट मिळते. निसर्गनियम, नैसर्गिक घटना आणि अमूर्त कल्पना यांवर ते मिळत नाही.

येथे लेखनहक्क आणि पेटंट यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. पुरणपोळीची कृती दिलेले पुस्तक कोणी जसेच्या तसे छापले तर लेखनहक्काचा भंग होतो. पुस्तक वाचून घरी पुरणपोळी केली तर होत नाही. कृतीवर पेटंट असते तर मात्र पोळी करायलाच परवानगी लागली असती, मग ती कोणत्याही पुस्तकातून शिकलेली असो किंवा स्वतःच्या डोक्याने सुचलेली असो. संगणकाच्या आज्ञावलीला लेखनहक्काचे संरक्षण आहेच. वाद आहे तो तिच्यामागच्या रीतीवर मालकी द्यावी की नाही याचा.

तेल, रबर आणि पैसा

बेन्सननंतरचे दोन खटले विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी ठेवून दाखवण्यासारखे आहेत. पहिला १९७८ चा, फ्लूक यांचा. हायड्रोकार्बनवर उत्प्रेरकाच्या साहाय्याने होणाऱ्या प्रक्रियेत तापमान, दाब वगैरे मोजत राहतात आणि ते मर्यादेबाहेर गेले की धोक्याची सूचना देतात. ही मर्यादा वेळोवेळी नव्याने ठरवण्याचे सूत्र फ्लूक यांनी दिले होते. सूत्रातून हाती येत होता तो एक आकडा. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी पेटंट नाकारले.

दुसरा १९८१ चा, डीर यांचा. साच्यात रबर किती वेळ तापवायचे हे अऱ्हेनियस यांच्या समीकरणावरून काढता येते. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात भेटते तेच हे समीकरण. अडचण अशी की साच्यातले तापमान सारखे बदलते, त्यामुळे आधी काढलेली वेळ चुकते आणि रबर कच्चे राहते किंवा जास्त भाजते. डीर यांच्या पद्धतीत साच्यातले तापमान सतत मोजले जाई, संगणक वेळ पुन्हा पुन्हा काढी आणि योग्य क्षणी साचा उघडला जाई. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने हे पेटंट मान्य केले.

आम्हाला हा निकाल योग्य वाटतो. समीकरण सर्वांचेच राहिले; संरक्षण मिळाले ते रबर पक्के करण्याच्या एका पद्धतीला. पण एका मताने सुटलेल्या या निकालाचा पुढे भलताच अर्थ लावला गेला. पेटंटविषयक अपिले ऐकणाऱ्या वरिष्ठ न्यायालयाने १९९४ मध्ये म्हटले की साध्या संगणकात नवी आज्ञावली घातली की तो नवे यंत्र बनतो. वहीत नवे गणित सोडवले म्हणजे वही नवी झाली, असे म्हणण्यासारखेच हे आहे. १९९८ मध्ये त्याच न्यायालयाने गुंतवणूक निधींचा हिशेब ठेवणाऱ्या एका संगणकीय व्यवस्थेचे पेटंट वैध ठरवले. शेवटी मिळणारा भागाचा भाव हा उपयुक्त, ठोस परिणाम आहे, असे कारण दिले. फ्लूक यांच्या खटल्यात आकडा पुरेसा नव्हता, येथे तो पुरला.

त्यानंतर दरवाजा सताड उघडला. १९९९ च्या सप्टेंबरात अ‍ॅमेझॉनला एकदा बटण दाबून खरेदी करण्याच्या रीतीवर पेटंट मिळाले आणि पुढच्याच महिन्यात त्या कंपनीने प्रतिस्पर्धी पुस्तकविक्रेत्यावर दावा लावला.

ध्रुपदाची गोष्ट

या सर्वात खरे नुकसान कोणाचे झाले? चित्रांच्या जिफ नमुन्याची हकीकत पाहा. गाण्यांच्या पुस्तकात प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद पुन्हा छापत नाहीत, ‘ध्रु.’ एवढेच लिहितात. माहिती संक्षिप्त करण्याची एक रीत याच तत्त्वावर चालते : पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांना क्रमांक द्यायचे आणि नंतर तुकड्याऐवजी क्रमांक लिहायचा. लेम्पेल आणि झिव यांनी १९७७-७८ मध्ये तिचा पाया घातला आणि टेरी वेल्च यांनी ती सुधारली. वेल्च यांचा पेटंटसाठी अर्ज जून १९८३ चा, त्यांचा लेख संगणकशास्त्राच्या एका मासिकात आला जून १९८४ मध्ये आणि पेटंट मिळाले डिसेंबर १९८५ मध्ये.

या तारखांकडे लक्ष द्या. त्या काळी अमेरिकेत पेटंट मिळेपर्यंत अर्ज गुप्त ठेवत. त्यामुळे लेख वाचून आज्ञावली लिहिणाऱ्याला अर्जाची माहिती पेटंट कार्यालयातून मिळण्याची सोयच नव्हती. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने ही रीत वापरून जिफ नमुना तयार केला आणि तो सर्वत्र पसरला. १९९४ च्या अखेरीस पेटंटची मालक युनिसिस हिने आज्ञावली लिहिणाऱ्यांकडून परवान्याचे पैसे मागितले. तोवर असंख्य चित्रे या नमुन्यात साठवून झाली होती. मग १९९५ मध्ये काही मंडळींनी एकत्र येऊन पेटंटमुक्त असा पीएनजी नमुना घडवला. अमेरिकेतील पेटंट जून २००३ मध्ये संपले. सौद्यातला समाजाचा वाटा होता ज्ञान उघड होणे. येथे ज्ञान लेखातून आधीच उघड झाले होते. पेटंटने दिली ती फक्त मागाहूनची वसुली.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये शोधलेल्या आरएसए या गुप्तलेखनाच्या रीतीवर अमेरिकेत १९८३ मध्ये पेटंट मिळाले. इतकी खोल गणिती कल्पना आणि तिला मोबदला नको काय, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण पेटंटचा अर्ज करण्यापूर्वीच ही रीत प्रसिद्ध झाल्याने इतर देशांत पेटंट मिळू शकले नाही आणि तेथे ती मोकळी राहिली. तीच मूळसंख्यांची रीत अमेरिकेत परवान्याची आणि सीमेपलीकडे फुकटची, असे २००० सालापर्यंत चालले. गणिताच्या बाबतीत हे विचित्रच म्हणावे लागेल.

पुरावा शोधायचा कोठे?

आपल्याकडे हळदीचा खटला सर्वांना ठाऊक आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय लेख पुढे केला आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हळदीला लेखी पुरावा होता. आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या कित्येक युक्त्या मात्र लेखांत कधी आल्याच नाहीत. त्या आज्ञावल्यांतच राहिल्या. जुनी पेटंटे चाळणाऱ्या परीक्षकाला त्या दिसणार कशा? जुनीच युक्ती मग त्याला नवी वाटते.

२०१४ मध्ये अ‍ॅलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने चाक मागे फिरवले. दोन पक्षांच्या देवघेवीत त्रयस्थाने मध्यस्थी करणे ही जुनी कल्पना. ती ‘संगणकावर करा’ एवढे म्हटल्याने पेटंटयोग्य होत नाही, असे ठरले. निकाल चांगला आहे. पण अमूर्त कल्पना म्हणजे नेमके काय, हे सांगण्याची या खटल्यात गरज नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. परीक्षेत उत्तर बरोबर आणि रीत गाळलेली, अशी ही उत्तरपत्रिका आहे. तिला पूर्ण गुण देता येत नाहीत.

भारतीय कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने गणिती पद्धती, व्यवसायपद्धती, अल्गोरिदम आणि ‘केवळ’ संगणक-आज्ञावली यांना पेटंट नाकारले. २००४ च्या अखेरीस वटहुकुमाने ही अट सैल करण्याचा प्रयत्न झाला, तो २००५ मध्ये संसदेने वगळला. ‘केवळ’ या एका शब्दावर आपल्याकडेही वाद होत राहतात. आणि अमेरिकेत माल विकणाऱ्या पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांना तिथला कायदा तिथे लागू होतोच.

शिक्षकांनी वर्गात हे तीन दावे फळ्यावर मांडावेत : ५३ चे रूपांतर, धोक्याच्या मर्यादेचे सूत्र आणि रबराचा साचा. कोणावर मालकी द्यावी आणि का, हे मुलांना लेखी मांडू द्यावे. बहुतेक मुले रबराच्या साच्याशी थांबतील, असा आमचा अंदाज आहे. मग त्यांना गुंतवणुकीच्या हिशेबाचा निकाल सांगावा आणि आपल्या कारणांत कोठे फट होती, ती त्यांनाच शोधू द्यावी.