कुमारीजन्म : वंशावळीतला खंड

येशूच्या कुमारीजन्माची चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते : ही घटना घडली का, आणि घडू शकते का. संहितेला स्वतःला काय म्हणायचे आहे, हा तिसरा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. ईश्वरशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक प्रश्न मात्र तोच आहे.

मत्तयाचे शुभवर्तमान वंशावळीने सुरू होते. तीत जन्म देण्याच्या अर्थाचे एकच ग्रीक क्रियापद कर्तरी रूपात ३९ वेळा येते. पिता कर्ता, पुत्र कर्म. योसेफापाशी पोचल्यावर ही रचना मोडते. येशूसाठी निवेदक कर्मणी रूप योजतो, मरीयेचा निर्देश करतो आणि कर्त्याची जागा रिकामी ठेवतो. पित्यांच्या परंपरेने चालत आलेला इतिहास आपला तारणारा स्वबळावर निर्माण करू शकत नाही, हे विधान येथे व्याकरणातूनच केले गेले आहे. तथापि परंपरा नाकारलेलीही नाही. बालकाचे नाव योसेफ ठेवतो आणि त्या नामकरणाने ते दाविदाच्या वंशात येते.

या श्रद्धेचा उगम भाषांतराच्या चुकीत शोधला जातो. यशयाच्या सातव्या अध्यायातील 'अल्मा' म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात तिची 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी झाली. मत्तय हेच वचन उद्धृत करतो, हे खरे. परंतु लूक ते उद्धृत करीत नाही, आणि कुमारीजन्माची कथा तरीही सांगतो. तेव्हा वचनातून कथा निपजली असे म्हणण्यापेक्षा कथेने आपल्यासाठी वचन शोधले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

दुसऱ्या शतकातील जस्टिनच्या संवादग्रंथात त्रुफो या कथेची तुलना डॅनीच्या कथेशी करतो. मराठी वाचकाला कुंती आठवेल. साम्य वरवरचे आहे. सूर्य कर्णाचा पिता आहे. मंत्राने आलेला देव तेथे पुरुषाची जागा घेतो. लूककडे ती जागा कोणीच घेत नाही. 'आत्मा' हा शब्द हिब्रूत बहुधा स्त्रीलिंगी, ग्रीकात नपुंसकलिंगी आहे. आणि छाया करण्याच्या अर्थाचे जे क्रियापद लूक वापरतो, तेच निर्गमाच्या ग्रीक भाषांतरात निवासमंडपावर उतरलेल्या मेघासाठी येते. रूपक समागमाचे नसून सान्निध्याचे आहे.

मुख्यतः ऑगस्टीनच्या प्रभावाने पाश्चात्त्य परंपरेने कुमारीजन्माचा संबंध वासनेशी आणि पापाच्या संक्रमणाशी जोडला. त्याची किंमत देहाला, विशेषतः स्त्रीदेहाला, मोजावी लागली. दोन्ही कथांत मात्र वासनेचा निर्देशही नाही. विसाव्या शतकात कार्ल बार्थने कुमारीजन्माला देहधारणेचे कारण न मानता चिन्ह मानले : कर्तृत्वाचा अभिमान बाळगणारा पुरुष येथे वगळला गेला आहे. पानेनबर्गचा आक्षेप असा, की अनादी पुत्राच्या देहधारणेची कल्पना आणि गर्भधारणेमुळे पुत्र ठरण्याची लूकची कल्पना यांत विसंगती आहे. कुमारीजन्म हे पुत्रत्वाचे कारण मानले, तर हा आक्षेप बिनतोड आहे. चिन्ह मानले, तर त्याची धार बरीच बोथट होते.

बार्थच्या मांडणीतही एक उणीव राहते. पुरुषाचे कर्तृत्व वगळताना तो स्त्रीकडे केवळ ग्रहणशीलता ठेवतो. लूकची संहिता याहून धीट आहे. देवदूताला जखऱ्या प्रश्न विचारतो आणि मुका होतो. मरीया प्रश्न विचारते आणि तिला उत्तर मिळते. त्यानंतरच ती संमती देते. याजकाची वाचा जाते आणि नाझरेथच्या मुलीचा शब्द ऐकला जातो, ही योजना आकस्मिक नव्हे. रिकाम्या राहिलेल्या कर्त्याच्या जागेशेजारी एक बोलणारी स्त्री उभी आहे. कुमारीजन्माचा अर्थ तिच्या मौनात शोधणाऱ्या ईश्वरशास्त्राने हे संभाषण पुन्हा वाचले पाहिजे.