कोपरगावचा कारखाना आणि समाजशास्त्राची कसोटी

समाजशास्त्र हे विज्ञान आहे की नाही, हा वाद मराठीत फारसा रंगत नाही. त्याला आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे. धर्मशास्त्र, पाकशास्त्र, भौतिकशास्त्र आणि समाजशास्त्र या सगळ्यांना आपण एकाच पंगतीत बसवतो. ‘शास्त्र’ म्हणजे पद्धतशीर मांडलेले ज्ञान, एवढ्यावर आपले समाधान होते. ते ज्ञान खोटे ठरू शकते का, हे विचारायचे राहून जाते. मला तोच प्रश्न कळीचा वाटतो. प्रयोगशाळा नसणे ही काही मोठी अडचण नव्हे, ग्रहतारे तरी प्रयोगशाळेत कुठे आणता येतात? विधान इतके नेमके हवे की वस्तुस्थितीला ते पाडता यावे. समाजशास्त्राने अशी विधाने कधी केली आहेत का, हे पाहण्यासाठी मी अहिल्यानगर जिल्ह्यातले, तेव्हाच्या अहमदनगरमधले, एक संशोधन निवडतो.

प्रा. बी. एस. बाविस्कर हे एम. एन. श्रीनिवास यांच्या परंपरेतले, दिल्ली विद्यापीठात शिकवणारे समाजशास्त्रज्ञ. साठच्या दशकात त्यांनी कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्याचा अभ्यास केला. तो ‘द पॉलिटिक्स ऑफ डेव्हलपमेंट’ या नावाने १९८० साली ग्रंथरूपाने आला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा कारखाना १९५० मध्ये उभा राहिला होता आणि कालव्याच्या पाण्यावरच्या उत्तर नगरमध्ये त्याचे अनुकरण होत होते. त्या काळातल्या अभ्यासकांत मात्र सहकाराविषयी निराशा होती. गावात विषमता असेल तर सहकारी संस्था बड्यांच्या घशात जाते आणि छोट्याच्या हाती काही लागत नाही, असे जवळजवळ नियमासारखे सांगितले जाई. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने झालेल्या पाहण्यांचा सूरही साधारण असाच होता.

कोपरगावात विषमता होती. बडे बागायतदार होते, गटबाजी होती, संचालक मंडळाच्या निवडणुका चुरशीने लढवल्या जात होत्या. तरीही कारखाना नीट चालत होता आणि दोन एकरवाल्याच्या उसाला टनामागे मोठ्या बागायतदाराइतकाच भाव मिळत होता. म्हणजे नियमाला धडधडीत अपवाद. ‘अपवाद’ म्हणून तो बाजूला सारता आला असता. बाविस्करांनी तसे केले नाही. त्यांनी आणि मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड अॅटवुड यांनी पुढे १९८७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त काही सहकारी संस्था चालतात आणि काही का चालत नाहीत, असा प्रश्न घेऊन महाराष्ट्राची उत्तर भारताशी तुलना केली.

त्यांच्या विवेचनातला मला सर्वांत पटणारा धागा उसाच्या स्वभावाशी जोडलेला आहे. ऊस तोडला की त्यातली साखर उतरू लागते. कारखान्याची भूक मोठी आणि रोजची. एकट्या बड्यांच्या उसावर ती भागत नाही. बड्याला आपला ऊस वेळेवर गाळायचा असेल तर छोट्याचाही ऊस हवा, आणि म्हणून छोट्याला बुडवणे त्याला परवडत नाही. त्यात एका सभासदाला एकच मत. गटबाजीमुळे उलट त्या मताला किंमत येते. जमीनदार आणि कूळ यांच्यात खोल दरी असलेल्या उत्तरेत अशी युती जमणे अवघड होते. हे नुसते वर्णन नाही. अमुक परिस्थितीत अमुक घडेल आणि ती बदलली तर घडणार नाही, असे हे बांधलेले विधान आहे.

मग नव्वदीनंतर राज्यातले अनेक सहकारी कारखाने आजारी पडले, बंद झाले, खासगी मालकांकडे गेले, त्याचे काय? सिद्धांत कोसळला, असे म्हणणारे घाई करतात. संचालकाचे हित स्वतःच्या उसात गुंतलेले असणे हा युक्तिवादाचा कणा आहे. ते हित उसातून निघून शिक्षणसंस्थांत, राजकारणात किंवा स्वतःच्या खासगी कारखान्यात गेले, तर छोट्याला सांभाळण्याचे कारणच उरत नाही. पण मला हेही सांगायला हवे की घटना घडून गेल्यावर अशी अट जोडून कोणताही सिद्धांत वाचवता येतो. ज्योतिषी तेच करतात. म्हणून ही अट स्वतंत्रपणे तपासली पाहिजे: सारखेच पाणी आणि सारखाच उतारा असलेल्या कारखान्यांत, ज्यांच्या संचालकांचा स्वतःचा ऊस गाळपाला येत राहिला ते अधिक तगले का? तसे दिसले नाही, तर बाविस्कर-अॅटवुड यांचे म्हणणे सोडून द्यावे लागेल.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. या तुलनेत ‘छोटा’ म्हणजे छोटा सभासद. टनाला सारखा भाव देणे शक्य होते, कारण तोडणी-वाहतूक कारखानाच करून घेतो. आणि तोडणीला येतो तो पाथर्डी, जामखेड किंवा शेजारच्या बीडमधला मजूर, मुकादमाकडून उचल घेऊन. नवरा-बायकोची जोडी मिळून तिथे एक ‘कोयता’ मोजला जातो. या कोयत्याकडे शेअर नाही, मत नाही. यान ब्रेमन यांनी १९७८ मध्ये दक्षिण गुजरातेतल्या बारडोलीच्या सहकारी कारखान्यांवर लिहिताना खानदेशातून येणाऱ्या तोडणी मजुरांपासून सुरुवात केली आणि त्यांना सहकारात पिळवणूक दिसली.

दोन अभ्यासकांना एकाच प्रकारच्या संस्थेत दोन उलट गोष्टी दिसतात, हा समाजशास्त्राच्या विज्ञानपणाविरुद्धचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केला जातो. इथे तो लागू पडत नाही. दोन्ही निष्कर्ष एकदम खरे असू शकतात. एवढेच नव्हे, तर सभासदांमधली समानता अंशतः बाहेरच्या स्वस्त तोडणीवर उभी आहे, असे त्यांना जोडणारे तिसरे विधान मांडता येते. तेही खोटे ठरू शकते. तोडणीचा दर वाढला किंवा ऊसतोड यंत्र आले, की छोट्या तुकड्यांतला ऊस उशिरा तोडला जातो का, त्याचे वजन घटून छोट्याचे पैसे कमी होतात का, हे कारखान्याच्या शेतकी खात्यातल्या तोडणी कार्यक्रमावरून आणि वजनपावत्यांवरून ताडून पाहता येईल. मजुराची बाजू तपासायची तर त्या कागदांवर भागणार नाही. त्यासाठी मुकादमाच्या वहीतली उचल आणि फेड पाहावी लागेल, आणि ती वही कारखान्याच्या दप्तरात नसते.