वस्तू आणि तिचे निदान

संग्रहालयांतील वस्तूंची छायाचित्रे व नोंदी संगणकावर आणून त्या सर्वांस पाहण्यासाठी खुल्या करण्याचे कार्य गेल्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर झाले आहे. केंद्र शासनाच्या संस्कृती मंत्रालयाने २०१४ साली आपल्या अखत्यारीतील प्रमुख संग्रहालयांचे एक सामायिक संगणकीय भांडार सुरू केले. त्यासाठी लागणारी 'जतन' नावाची प्रणाली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने सिद्ध केली. या उपक्रमाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. ज्याला दिल्लीस वा कोलकात्यास जाणे परवडत नाही, त्यालाही आता तेथील मूर्ती, नाणी, भांडी घरबसल्या पाहता येतात.

प्रस्तुत लेखकाचा आक्षेप वस्तू जतन करण्यावर नाही. तो नोंदीच्या स्वरूपावर आहे. अशा नोंदीत वस्तूचे द्रव्य, माप, वजन, कालखंड, घडणीचे तंत्र, कलावंत, आश्रयदाता अथवा राजवंश अशी माहिती असते. राजदरबारच्या वस्तूस हे रकाने पुरेसे होतात. परंतु जात्याला, अडकित्त्याला, काठीला, कथलाच्या पाटलीला राजवंश कोणता? ती कोणी वापरली, कोणत्या बंधनाने वापरली आणि कोणत्या दिवशी टाकून दिली, हे प्रश्न या नोंदीत सहसा उद्भवतच नाहीत.

नित्याच्या वापरातील वस्तू जपण्याची दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. दिनकर केळकर यांनी सुमारे १९२० पासून दिवे, अडकित्ते, वज्री, फण्या अशा घरगुती वस्तू जमविल्या आणि त्यांतून पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले. त्यांची चिकाटी असामान्य होय. तथापि अशा संग्रहात हिंडताना कारागिरीचे कौतुक जितके दाटून येते, तितका वस्तूमागील सामाजिक संबंध डोळ्यांपुढे येत नाही. सुंदरतेच्या निकषावर वेचलेल्या वस्तूंची ही मर्यादाच म्हणावी लागेल.

येथे विनयपिटकातील एका सिक्खापदाचे स्मरण होते. पाचित्तियांपैकी शहाऐंशीवे सिक्खापद सूचिघराविषयी, म्हणजे सुया ठेवण्याच्या नळीविषयी आहे. भगवान बुद्ध कपिलवत्थूच्या निग्रोधारामात असताना एका दन्तकाराने, हस्तिदंताचे काम करणाऱ्या कारागिराने, भिक्खूंना सूचिघरे देऊ केली. भिक्खूंनी मर्यादा सोडून मागण्या केल्या. लहान असणाऱ्याने मोठे मागितले, मोठे असणाऱ्याने लहान. परिणामी त्या कारागिराला विक्रीचा माल घडविण्यास वेळ उरेना, त्याचा निर्वाह चालेना आणि त्याच्या बायकोमुलांची आबाळ झाली. लोकांत निंदा झाली, तेव्हा नियम घालून देण्यात आला. हाड, दात वा शिंग यांचे सूचिघर करविल्यास ते प्रथम फोडावयाचे व मग दोष कबूल करावयाचा. यास 'भेदनक' पाचित्तिय म्हणतात.

म्हणजे वस्तू फोडली गेली; पण ती का फोडली याचे निदान, म्हणजे नियमामागील प्रसंग, परंपरेने दोन सहस्रकांहून अधिक काळ सांभाळले. त्यात स्थळ आहे, व्यवसाय आहे, उपाशी घर आहे. दन्तकाराचे नाव तेवढे राहिले नाही, ही उणीव मात्र पालीच्या अभ्यासकानेही मान्य केली पाहिजे.

आपल्या समाजाच्या बाबतीत या दृष्टांताला विशेष अर्थ आहे, कारण आपणही वस्तू बुद्धिपुरस्सर टाकल्या आहेत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांना उद्देशून जे भाषण केले, त्यात अस्पृश्यतेची ओळख पटविणारी वस्त्रे व अलंकार सोडण्याचा उपदेश होता. गळ्यातील गाठल्यांचे थर, कोपरापर्यंतच्या चांदीच्या वा कथलाच्या पाटल्या, लुगडे नेसण्याची ठरावीक तऱ्हा ही त्यांच्या मते गुलामीची खूण होती. स्त्रियांनी ती उतरविली. आज तशीच पाटली एखाद्या संग्रहात आली, तर तिच्याखाली 'पारंपरिक लोकअलंकार, कथील, विसावे शतक' एवढेच लिहिले जाण्याचा संभव आहे. त्यात असत्य काहीच नाही. मात्र जिने ती उतरवली तिचा निर्णय नोंदीतून पुसला गेला आणि बंधनाची खूण शोभेची वस्तू झाली. छायाचित्र जितके स्पष्ट, तितका हा विपर्यास अधिक पक्का होतो, कारण ते हजारो ठिकाणी पाहिले जाते आणि त्यासोबत तीच ओळ जाते.

काहीजण विचारतील, जे टाकले ते पुन्हा जमवावे तरी कशासाठी? प्रश्न योग्य आहे. नागपूरजवळील चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे व टंकलेखन यंत्र यांसारख्या वस्तू जपल्या आहेत. तेथे जपण्याचे प्रयोजन स्वयंस्पष्ट आहे. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी शुभ्र वस्त्रे नेसून दीक्षाभूमीवर आलेल्या लक्षावधींपैकी एखादीचे लुगडे कोठे पेटीत असेल, तर ते पुढे केवळ 'पांढरे सुती वस्त्र' ठरू नये. त्यावेळी आईचा हात धरून आलेली मुले आज पंचाहत्तरीच्या आसपास वा तिच्याही पुढे आहेत. वस्तूचे छायाचित्र उद्याही घेता येईल, त्यांचे सांगणे उद्या मिळेल याची खात्री नाही. म्हणून क्रम उलटा हवा. आधी कथन ध्वनिमुद्रित करावे, वस्तू नंतर. तरुण कार्यकर्ते प्रथम दूरध्वनीचा कॅमेरा काढतात, ही सवय मोडावी लागेल.

हे काम विहारांनी आपल्या वस्तीपुरते घ्यावे. त्यास महाग यंत्रणा लागत नाही. प्रत्येक नोंदीत 'निदान' असा एक रकाना पुरे. वस्तू कोणाची, कोणत्या गावची, ती बाळगण्याची सक्ती होती की निवड, ती कधी व कोणाच्या सांगण्यावरून सोडली, हे सांगणाऱ्याच्याच बोलीत त्यात उतरवावे. प्रमाण मराठीत सुधारून नव्हे. एखाद्या आजीने गाठले दाखविले, पण छायाचित्र काढू दिले नाही, तर आग्रह धरू नये. छायाचित्राची जागा रिकामी ठेवून तिच्या नकाराचे कारण निदानाच्या रकान्यात लिहावे.