संशयकल्लोळांतील तसबीर : एका हौशी प्रयोगाच्या निमित्तानें

संशोधनाच्या त्रैमासिकांत नाटकाच्या प्रयोगावर लिहिणें कांहीं वाचकांस अस्थानीं वाटेल. परंतु गेल्या हिंवाळ्यांत अहिल्यानगर येथें (जुन्या सवयीनें आम्ही नगरच म्हणतों) एका हौशी मंडळीनें केलेला गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत संशयकल्लोळा’चा प्रयोग पाहून आमच्या मनांत जे विचार आले, ते जुने कागद तपासणारांच्या उपयोगाचे आहेत असें वाटल्यावरून येथें मांडतों. मंडळींतील सर्वजण नोकरीधंदा सांभाळून नाटक करणारे आहेत. सबब त्यांचीं नांवें दिलीं नाहींत.

प्रथम नाटकाची वंशावळ. मोलियरचें मूळ फ्रेंच प्रहसन १६६० च्या मे महिन्यांत पॅरिस येथें झालें. त्या वेळीं इकडे शिवछत्रपति पन्हाळ्यावर सिद्दी जौहराच्या वेढ्यांत होते. त्या आधारें आर्थर मर्फी यानें लिहिलेलें इंग्रजी नाटक १७६१ सालीं, म्हणजे पानिपतच्या वर्षीं, लंडनच्या रंगभूमीवर आलें. मर्फीवरून देवलांनीं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हें गद्य नाटक १८९३ सालीं केलें, आणि पुढें त्यालाच पदें घालून ‘संशयकल्लोळ’ सिद्ध केलें. १९१६ च्या जूनमध्यें देवल निवर्तले. गंधर्व नाटक मंडळीनें संगीत प्रयोग केला तो त्याच सालच्या ऑक्टोबरांत. गणपतराव बोडस फाल्गुनराव व बालगंधर्व रेवती असा तो संच होता. ग्रंथकर्त्यास तो पाहावयास मिळाला नाहीं.

नाटकाचें पहिलें नांव आमच्या मतें अधिक अन्वर्थक होतें. घोटाळा तसबिरीचाच आहे. अश्विनशेठची तसबीर रेवतीजवळ आहे. रेवतीस भोंवळ येते, फाल्गुनराव तिला सांवरतो आणि तें त्याची बायको कृत्तिका पाहते. खालीं पडलेली तसबीर कृत्तिकेच्या हातीं लागते, व बायकोच्या हातांत परपुरुषाची तसबीर पाहून फाल्गुनरावाची खात्री पटते. पुढें तीच तसबीर फाल्गुनरावाजवळ पाहून अश्विनशेठही फसतो. येथें खोटी वस्तु एकही नाहीं. तसबीर अस्सल आहे, ज्याची म्हणतात त्याचीच आहे, आणि जिच्या हातांत दिसली तिच्या हातांत ती खरोखरच होती. ती त्या हातांत कोणत्या वाटेनें आली, एवढेंच कोणी विचारीत नाहीं. फाल्गुनराव मूर्ख नाहीं. तो पुरावा जमविणारा, जपून ठेवणारा मनुष्य आहे. मात्र निकाल तो आधीं लिहितो व दाखले मागाहून गोळा करतो.

असे गृहस्थ संशोधकांतही आढळतात, आणि एके काळीं आम्हीही त्यांतलेच होतों. जिल्ह्यांतील एका जुन्या वाड्यांत मिळालेल्या रुमालांतील मोडी कागदाच्या शिक्क्यावरून आम्हीं त्या घराण्याच्या वतनाचा काळ ठरविला व त्यावर निबंधही वाचला. शिक्का अस्सल होता. कागद मात्र सोयरिकीच्या निमित्तानें दुसऱ्या घराण्यांतून त्या रुमालांत आला होता. हें आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें भर सभेंत दाखवून दिलें. तेव्हांपासून फाल्गुनरावास हंसतांना आम्हांस थोडें जपून हंसावें लागतें.

ही युक्ति देवलांस केवळ इंग्रजींतून मिळाली असें म्हणणें अपुरें होईल. त्यापूर्वींच त्यांनीं ‘मृच्छकटिक’ मराठींत आणिलें होतें. मूळ संस्कृतांत नवव्या अंकीं न्यायसभेंत मैत्रेयाच्या काखेंतून वसंतसेनेचे अलंकार खालीं पडतात. अलंकार खरे, ओळखही खरी, अनुमान तेवढें खोटें. आणि त्या अनुमानानें निरपराधी चारुदत्त वधस्थानाकडे चालतो. तेथें प्राणावर बेतलेली गोष्ट येथें हास्यावर निभावते, इतकाच भेद.

आतां प्रयोगाकडे वळूं. मंडळीनें तसबीर घेतली ती भिंतीवर टांगावयाच्या चौकटीची, हातभर उंच. शेवटच्या रांगेस दिसावी म्हणून तशी घेतली, असें दिग्दर्शकांनीं सांगितलें. हेतु चांगला, परंतु असली चौकट पडली तर सारी आळी जागी होईल! ती फळ्यांवर आदळली तेव्हां लोक हंसले खरे, पण त्या हंसण्याचें श्रेय देवलांचें नव्हे. तसबीर मुठींत मावेल एवढीच असली पाहिजे, म्हणजे ती नकळत पडते व नकळत दुसऱ्याची होते.

यापेक्षां मोठी चूक काटछाटीची. जुने प्रयोग रात्रभर चालत, आतां तीन तासांत आटोपावें लागतें, याबद्दल आमची तक्रार नाहीं. पण पदें बहुतेक ठेविलीं आणि कापलें तें तसबिरीच्या हस्तांतराभोंवतींचें गद्य. त्यामुळें उत्तरार्धांत फाल्गुनरावाचा संशय आकाशांतून पडल्यासारखा दिसला. ज्या नगरच्या हौशी रंगभूमीनें प्रा. मधुकर तोरडमल व सदाशिव अमरापूरकर यांसारखे गद्याचे नट दिले, तेथें गद्यावरच कात्री चालावी याचें नवल वाटतें. फाल्गुनराव झालेले गृहस्थ गुणी आहेत. परंतु पायाखालचीं भाषणें गेल्यावर डोळे वटारण्यावांचून त्यांस दुसरा मार्ग उरला नाहीं. रेवतीचा गळा तयार आहे, आणि पद संपतांच ती संवाद उचलते. हें आजकाल दुर्मिळ. पेटी मात्र गाणाऱ्या बाईंच्या पुढें धांवत होती. सर्वांत उत्तम काम कृत्तिकेचें. नवऱ्यानें परस्त्रीला सांवरलेलें पाहतांना तिनें बोटही हलविलें नाहीं. त्या स्तब्धतेंत तिच्या डोक्यांत खटला उभा राहिलेला आम्हांस दिसला.

हस्तपत्रिकेंत मात्र तिचें नांव ‘कृतिका’ असें छापलें होतें. एक तकार गेला कीं नक्षत्र गेलें. पौर्णिमेच्या चंद्राचा ज्या नक्षत्राशीं योग, त्यावरून महिन्याचें नांव पडतें. फाल्गुनाचा योग फल्गुनीशीं. कृत्तिकेचा महिना कार्तिक. म्हणजे या जोडप्याचें नांवापासूनच जमत नाहीं. उलट सत्तावीस नक्षत्रांच्या चक्रांत रेवती शेवटची व तिला लागूनच पहिली अश्विनी. तेव्हां अश्विनशेठ व रेवती यांचें जुळणार हें पंचांग जाणणारास आरंभींच कळावें. देवलांनीं हें मुद्दाम योजिलें असा आमचा आग्रह नाहीं. तसा आग्रह धरणें म्हणजे पुन्हा फाल्गुनराव होणें.

प्रयोगानंतर प्रॉम्प्टरची प्रत आम्हीं मागून घेतली. छापील पुस्तकाची छायाप्रत, तिजवर तीन शाईंची कापाकापी. एका गाळलेल्या भाषणाच्या कडेला ‘ठेवावें’ असें लिहून तेंही पुन्हा खोडलेलें. कोण्या एका वाचणाराला त्या भाषणाचें महत्त्व कळलें होतें तर! अशा प्रती प्रयोग संपतांच रद्दींत जातात. दौलतीचे कागद जपणारांनीं याही जपाव्या.

१८९३ च्या गद्य नाटकाची जुनी प्रत किंवा त्या काळच्या एखाद्या मंडळीची हस्तलिखित वही ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं ती पाहण्यास द्यावी. तसबिरीच्या प्रवेशाचे दोन्ही पाठ समोरासमोर ठेवून ताडून पाहावयाचे आहेत. वही आपणांकडे कोणाकडून व केव्हां आली, हेंही कृपा करून सोबत लिहावें.