शब्द, अर्थ आणि संयम : फिलिप ग्लास यांच्या ‘सत्याग्रह’ या ऑपेराचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन ऑपेराला ज्या संगीतकारांनी नवे वळण दिले, त्यांत फिलिप ग्लास यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ग्लास यांच्या ऑपेरांपैकी ‘सत्याग्रह’ (१९८०) भारतीय अभ्यासकाला विशेष जवळचा आहे. दक्षिण आफ्रिकेतील महात्मा गांधींचे कार्य हा त्याचा विषय आहे आणि त्याची संपूर्ण संहिता संस्कृत भगवद्गीतेतून घेतलेली आहे. ज्या भाषेत ऑपेरा गायला जातो ती भाषा त्याच्या बहुसंख्य श्रोत्यांना कळत नाही, आणि संगीतकाराला तसेच अपेक्षित आहे. शब्दाचा अर्थ श्रोत्यापासून असा दूर ठेवल्याने या कलाकृतीने काय मिळवले आणि काय गमावले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जीवन आणि जडणघडण

फिलिप ग्लास यांचा जन्म ३१ जानेवारी १९३७ रोजी बाल्टिमोर येथे झाला. वडिलांचे ध्वनिमुद्रिकांचे दुकान होते. न खपलेल्या ध्वनिमुद्रिका ते घरी आणत आणि त्या का खपत नाहीत हे समजून घेण्यासाठी ऐकत. त्यामुळे आधुनिक संगीताशी ग्लास यांचा परिचय लहानपणीच झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी ते शिकागो विद्यापीठात दाखल झाले. तेथे गणित व तत्त्वज्ञान, पुढे न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत संगीतरचना आणि १९६४ ते १९६६ या काळात पॅरिसमध्ये नादिया बूलांजे यांच्याकडे पाश्चात्त्य संगीतशास्त्राची कठोर तालीम, असा त्यांचा शिक्षणक्रम आहे.

पॅरिसमध्ये असतानाच ‘चापाक्वा’ या चित्रपटाच्या निमित्ताने पंडित रविशंकर यांचे संगीत पाश्चात्त्य वादकांसाठी स्वरलिपीत उतरवण्याचे काम त्यांच्याकडे आले. लिहिलेले संगीत वाजवले की आघात चुकीच्या जागी पडत. उस्ताद अल्लारखा ही चूक पुन्हा पुन्हा दाखवून देत. अखेर ग्लास यांनी स्वरलिपीतील मात्राविभागांच्या उभ्या रेघाच काढून टाकल्या, आणि लय ही दोन-तीन मात्रांच्या लहान गटांची वाढती साखळी आहे असे त्यांना जाणवले. आपल्या तालविचारात आवर्तन आणि सम यांना जे स्थान आहे, ते या आकलनात पूर्णपणे आलेले नाही. तथापि, या अर्धवट आकलनातूनच त्यांच्या स्वतंत्र शैलीचा उगम झाला. लहान स्वरवाक्य घ्यायचे, त्याची पुनरावृत्ती करायची आणि त्यात एखादी मात्रा वाढवत किंवा कमी करत जायचे, ही ती शैली होय. समीक्षकांनी तिला ‘मिनिमॅलिझम’ असे नाव दिले. ग्लास यांना मात्र ते फारसे रुचले नाही.

१९६८ मध्ये त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभारला. रॉबर्ट विल्सन यांच्यासह निर्माण केलेला ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा जुलै १९७६ मध्ये आविन्याँ महोत्सवात आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये सादर झाला. सुमारे पाच तासांच्या या प्रयोगात कथानक नव्हते आणि गायक प्रामुख्याने आकडे व स्वरनामे गात होते. या यशानंतरही ग्लास न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवून उदरनिर्वाह करीत होते. हॉलंडकडून ‘सत्याग्रह’चे काम मिळाल्यानंतरच, वयाच्या चाळिशीत, त्यांना केवळ संगीतावर जगणे शक्य झाले. १९८४ मध्ये स्टुटगार्ट येथे सादर झालेल्या ‘आखनातेन’ने ही ऑपेरात्रयी पूर्ण झाली. विज्ञान, राजकारण व धर्म या क्षेत्रांतील तीन व्यक्तींनी विचाराच्या बळावर जग बदलले, हे तिचे समान सूत्र आहे.

‘सत्याग्रह’ची रचना

‘सत्याग्रह’चा पहिला प्रयोग ५ सप्टेंबर १९८० रोजी रॉटरडॅम येथे झाला. ग्लास आणि कॉन्स्टन्स डीजाँग यांनी त्याची संहिता सिद्ध केली. वाद्यमेळात तंतुवाद्ये, लाकडी सुषिरवाद्ये आणि ऑर्गन एवढीच वाद्ये आहेत. पितळी वाद्ये व तालवाद्ये नाहीत. संघर्षावरील ऑपेरातून रणवाद्येच वगळली जावीत, ही बाब अर्थपूर्ण आहे.

ऑपेराचे तीन अंक अनुक्रमे टॉलस्टॉय, टागोर आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावे आहेत. या तीन व्यक्ती रंगमंचावर मूक साक्षीदार म्हणून असतात. प्रसंगांचा क्रम कालानुसारी नाही. आरंभ कुरुक्षेत्रावर होतो. तेथून १९१० मधील टॉलस्टॉय फार्म, नंतर १९०६ ची प्रतिज्ञा, दुसऱ्या अंकाच्या आरंभी डर्बनमधील जमावाचा हल्ला, पुढे ‘इंडियन ओपिनियन’ हे वृत्तपत्र, १९०८ मधील नोंदणीपत्रांची होळी आणि अखेरीस १९१३ चा न्यूकॅसल मोर्चा, असा हा प्रवास आहे. कार्यकारणाची साखळी जाणीवपूर्वक तोडल्यामुळे प्रत्येक प्रसंग स्वतंत्र चिंतनाचा विषय बनतो.

शब्द आणि कृती यांचे नाते

या ऑपेरात पात्रे एकमेकांशी संवाद करीत नाहीत. रंगमंचावर कृती घडते आणि त्याच वेळी गीतेतील श्लोक गायले जातात. पाश्चात्त्य श्रोत्यासाठी हे शब्द प्रामुख्याने नादरूप आहेत. अर्थ न कळल्यामुळे तो स्वर, हालचाल आणि काळाचा संथ प्रवाह यांकडे वळतो. संस्कृतशी परिचित असलेल्या श्रोत्याला मात्र निराळीच कलाकृती ऐकू येते. त्याच्यासाठी श्लोक हे कृतीवरील भाष्य ठरते.

दुसऱ्या अंकातील पहिला प्रवेश या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. गांधींवर चालून आलेला गोऱ्यांचा जमाव सोळाव्या अध्यायातील आसुरी संपत्तीचे वर्णन गातो. जमाव स्वतःच्याच तोंडाने स्वतःचे वर्णन करीत आहे, हा उपरोध संहितेत आहे. संगीत तो अधोरेखित करीत नाही. ‘इंडियन ओपिनियन’च्या प्रवेशात तिसऱ्या अध्यायातील अनासक्त कर्माचे आणि जनकाच्या दृष्टान्ताचे श्लोक येतात. त्यामुळे छापखान्यातील रोजचे श्रम हेच कर्मयोगाचे उदाहरण बनते. नोंदणीपत्रे जाळली जातात तेव्हा बाराव्या अध्यायातील कोणाचाही द्वेष न करणाऱ्या भक्ताचे लक्षण ऐकू येते. कायदा जाळायचा, पण कायदा करणाऱ्याचा द्वेष करायचा नाही, हे सत्याग्रहाचे मर्म येथे एकाही स्पष्टीकरणाविना व्यक्त होते.

पुनरावृत्तीचा विचारही याच संदर्भात करावा लागतो. तीच स्वरवाक्ये दीर्घकाळ ऐकताना श्रोत्याच्या संयमाची परीक्षा होते, असा आक्षेप ग्लास यांच्या संगीतावर घेतला जातो. अन्य रचनांच्या बाबतीत तो काही अंशी मान्य करता येईल. ‘सत्याग्रह’मध्ये मात्र संयम हाच आशय आहे. अखेरच्या गीतात गांधींचे पात्र एकच आरोही स्वरपंक्ती पुन्हा पुन्हा गाते. पाश्चात्त्य परिभाषेतील फ्रिजियन आणि आपल्याकडील भैरवी थाट यांची स्वरस्थाने सारखीच आहेत. थाट म्हणजे राग नव्हे आणि ग्लास यांनी भैरवी योजली असे म्हणण्यास आधार नाही. तरीही मैफलीची सांगता भैरवीने होणे ज्याच्या कानांत मुरलेले आहे, त्याला या समाप्तीत एक अनपेक्षित ओळख सापडते.

मर्यादा

येथवर ग्लास यांची पद्धती यशस्वी ठरते. तिचे मूल्य कोठे चुकवावे लागले, हेही पाहणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न गीतेच्या अर्थनिर्णयाचा आहे. गीतेतील युद्ध हे अंतःकरणातील द्वंद्व होय, ही गांधींची भूमिका ऑपेराने गृहीत धरली आहे. मराठी वाचकाला गीतेची ही एकमेव वाट नाही हे ठाऊक असते. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’त (१९१५) कर्मयोगाचा पुरस्कार आहे, पण त्यात अहिंसा निरपवाद मानलेली नाही. ऑपेराच्या अखेरीस चौथ्या अध्यायातील अवतारविषयक श्लोक येतात. त्यांत सज्जनांच्या रक्षणाबरोबरच दुष्कर्म करणाऱ्यांच्या विनाशाचाही उल्लेख आहे. संहितेच्या इंग्रजी अनुवादात हा ‘विनाश’ सौम्य होतो आणि दुष्टतेला मागे रेटणे एवढाच आशय उरतो. अनुवाद वाचणाऱ्याला अहिंसेच्या नायकाची प्रार्थना भेटते, तर संस्कृत जाणणाऱ्याला त्याच स्वरांत एक अस्वस्थ करणारा शब्द ऐकू येतो. या अंतर्विरोधाला संगीत कोठेही सामोरे जात नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. दक्षिण आफ्रिकेत घडणाऱ्या या ऑपेरातील नामधारी पात्रे भारतीय, युरोपीय किंवा पौराणिक आहेत. ज्यांची ती भूमी, त्या आफ्रिकी जनतेला येथे स्वर नाही. १९०६ मधील झुलू उठाव आणि त्या वेळी गांधींनी उभारलेले शुश्रूषापथक यांना संहितेत स्थान मिळालेले नाही. आफ्रिकी लोकांविषयीचे गांधींचे सुरुवातीचे विचार वादाचा विषय ठरले आहेत. मार्टिन ल्यूथर किंग यांची मूक उपस्थिती पुढील काळाकडे निर्देश करते. परंतु ती ही उणीव भरून काढू शकत नाही. प्रसंगांना इतिहासाच्या क्रमातून सोडवले की त्यांना चिरंतनता लाभते. त्याच वेळी इतिहासाचे अवघड प्रश्नही निसटून जातात.

समारोप

१ डिसेंबर २०११ रोजी न्यूयॉर्क येथे ‘सत्याग्रह’च्या त्या हंगामातील शेवटच्या प्रयोगानंतर एक घटना घडली. नाट्यगृहाबाहेर, लिंकन सेंटरच्या पायऱ्यांपाशी, ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ चळवळीतील निदर्शक जमले होते. मध्ये पोलिसांचे अडथळे होते. ग्लास स्वतः निदर्शकांत आले आणि ऑपेराच्या अखेरच्या श्लोकांचा इंग्रजी अनुवाद त्यांनी म्हणून दाखवला. ध्वनिक्षेपक नसल्याने जमलेले लोक प्रत्येक वाक्यखंड मोठ्याने पुन्हा उच्चारत होते.

ज्या संगीतकाराने तीन अंक शब्दाचा अर्थ श्रोत्यापासून दूर ठेवला, त्यालाच रस्त्यावर आल्यावर तो लोकांच्या भाषेत सांगावा लागला. महाराष्ट्राला हे आवर्तन अपरिचित नाही. गीतेचा अर्थ लोकभाषेत आणण्याचे कार्य ज्ञानेश्वरीने १२९० मध्येच केले, आणि गांधींच्याच परंपरेतील विनोबांनी ‘गीताई’तून ते पुढे नेले. स्वतः गांधींना गीता प्रथम भेटली ती लंडनमध्ये, एडविन अर्नोल्ड यांच्या इंग्रजी अनुवादातून. म्हणजे ग्लास यांचा नायक ज्या संस्कृतात गातो, त्या संस्कृतापर्यंत प्रत्यक्षातील गांधी अनुवादाच्या वाटेनेच पोहोचले होते.

‘सत्याग्रह’ नाट्यगृहात श्रोत्याला थांबायला आणि ऐकायला शिकवतो, हे त्याचे निर्विवाद यश आहे. परंतु सत्याग्रह हे शेवटी दुसऱ्या माणसाशी केलेले बोलणे आहे. विरोधकाला आपले म्हणणे कळावे, हाच त्याचा हेतू असतो. त्या अर्थाने, या ऑपेराचा राहून गेलेला प्रवेश २०११ च्या त्या रात्री पायऱ्यांवर घडला, असे म्हणणे अप्रस्तुत ठरणार नाही.