बाहेरून लागलेली कडी

समाजापासून तुटलेली माणसे किती लवकर रानटी होतात, हे विल्यम गोल्डिंगने ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ (१९५४) या कादंबरीत निर्जन बेटावरच्या मुलांमधून दाखवले. विजय तेंडुलकरांना बेट लागले नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात गावातला एक हॉल आणि बाहेरून लागलेली कडी पुरते. अंधेरीशेजारच्या पार्ल्याला अभिरूप न्यायालय करायला निघालेल्या हौशी मंडळींवरून हे नाटक सुचले, असे सांगतात.

गोल्डिंगची मुले नियम मोडत रानटी होतात. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे नियम पाळत होतात. मुले तोंडाला रंग फासतात, सुखात्मे वकिलाचा काळा झगा चढवतात. शपथ, साक्ष, उलटतपासणी, सारे रीतसर. लीला बेणारेने पोंक्षे आणि रोकडे यांना एकांतात केलेली विनवणी पुरावा ठरते. गावचा साधा सामंतसुद्धा कादंबरीतले वाचून साक्ष देतो. प्रा. दामले मात्र गैरहजर, म्हणून निर्धास्त.

कादंबरीच्या शेवटी नौदलाचा अधिकारी येतो आणि मुले रडू लागतात. इथे दार उघडते, प्रेक्षक डोकावतात, आणि मंडळी ‘खेळच तो’ म्हणत प्रयोगाच्या तयारीला लागतात. बेणारे पडूनच राहते.

म्हणजे कडी लागल्यावर समाज बाहेर राहिलाच नव्हता. न्यायासन, नीती, मातृत्वाचे गोडवे हे सारे घेऊनच ही माणसे आत शिरली होती. बाहेर राहिला होता तो फक्त प्रेक्षक. त्याच्यापुरतीच त्यांची सभ्यता होती.